डावीकडची सुपारी

"सूनबाई, भाकरी अर्धीच का वाढलीस?" पार्वतीबाईंनी विचारले. उरलेली अर्धी ताटातच होती. फक्त डावीकडे होती.

पक्षाघातात मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की काही रुग्णांच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. डोळे निकोप असतात. लक्ष तिकडे जात नाही. याला 'निग्लेक्ट' म्हणतात. पार्वतीबाईंना हेच झाले होते. त्यांना रुग्णालयातून बोर्ली पंचतनला, आपल्या सुपारीच्या वाडीतल्या घरी परतायचे होते. मुलगा म्हणे, जिला ताटातली भाकरी दिसत नाही, तिला चुलीतला विस्तव कसा दिसणार? तो त्यांना पनवेलच्या फ्लॅटमध्ये नेणार होता.

"तिथं काय, गॅलरीत कुंडी होऊन बसू?" त्या मला म्हणाल्या.

मी श्रीवर्धनच्या एका रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. रोजची कामे रुग्णाला पुन्हा जमावीत, हे पाहणे माझे काम. दिवसभर छताकडे पाहत पडलेला मेंदू आळसावतो. म्हणून पाहण्या-बोलण्या-करण्याजोगे काही रुग्णाभोवती ठेवायचे. याला 'एनरिच्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. त्यानुसार मी वॉर्डाच्या पडवीत टेबल मांडले. वर पांढरा टेबलक्लॉथ, रंगीत ठोकळे, मासिके, फुलदाणी. आठवडाभर तिकडे कोणी फिरकले नाही. शेवटी मी पार्वतीबाईंना कारण विचारले.

"कुणा सायबाचा सत्कार हाय ना?" त्या म्हणाल्या. "आपण कसं बसायचं?"

मी टेबलक्लॉथ काढला. मुलाकडून वाडीतली पोतेभर सुपारी मागवली. इन्चार्ज सिस्टरांनी पोते पाहून विचारले, "मॅडम, हा वॉर्ड आहे की वखार?" सुपारी धुऊन घ्यायची आणि कोणी तोंडात टाकायची नाही, या दोन अटींवर त्यांनी परवानगी दिली.

टेबलावर मधोमध ढीग. उजव्या सुपात बारीक सुपारी, डाव्यात मोठी. पार्वतीबाईंनी सगळीच उजव्या सुपात टाकली. "डावीकडे पाहा," मी सांगे. त्या होकार देत आणि उजवीकडेच पाहत.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या डावीकडे रघुनाथकाका येऊन बसले. त्याच वॉर्डातले रुग्ण, निवृत्त एसटी कंडक्टर. उजवा हात कमजोर. त्याच हाताने ते ढिगाच्या डाव्या कडेची एकेक सुपारी सावकाश ओढू लागले.

"बाय, इकडची समदी माझी काय?"

पार्वतीबाईंची मान पूर्ण डावीकडे वळली.

"हात लावून तर बघ. माझ्या वाडीतली हाय ती."

दुसऱ्या दिवशी मी डावे सूप आणखी वीतभर डावीकडे सरकवले. काकांना सांगितले, चोरी चालू ठेवा.

व्यायामही सोबत चालूच होते. सारे श्रेय सुपारीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. पण महिन्याभराने पार्वतीबाईंनी मुलासमोर अख्खी भाकरी संपवली आणि डावीकडची चटणी मागे सारून म्हणाल्या, "ही खारट झालीय." मुलाने त्यांची पिशवी बोर्लीच्या गाडीत ठेवली. शेजारीण दोन्ही वेळा डोकावणार, एवढी अट मात्र घातली.

टेबलावर काय मांडावे, याचा मी आठवडाभर विचार केला होता. ज्यांनी तिथे बसायचे, त्यांना आधी विचारले असते तर एक मिनिट लागले असते. पांढरा टेबलक्लॉथ आता कपाटात आहे. एखाद्या साहेबांचा सत्कार निघाला, की काढू.