न वाजलेला हॉर्न

आमच्या गाडीला हॉर्न लागत नाही, हॉर्न शेजारच्या सीटवर बसलेला असतो, असं आमचे हे पाहुण्यारावळ्यांना सांगतात. त्यात खोटं काही नाही. यांना हॉर्न वाजवायचं जिवावर येतं. रस्त्यात म्हैस आडवी आली तर तिचं रवंथ संपेपर्यंत हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसतील. मग काच खाली करून मीच ओरडते. म्हैस तर हलतेच, मागचा ट्रकवालाही दचकतो. आमचा संसार इतकी वर्षं असाच चाललाय, तोंड माझं आणि कान यांचे.

त्या चैत्रात लेक झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाली होती. राहायला एक खोली मिळाली होती आणि त्या खोलीत खिडकीशिवाय काही नव्हतं. म्हणून गादी, कुकर, पिठाचा डबा, घरच्या तुरीची डाळ असं सगळं भरून आम्ही दारव्ह्याहून निघालो. गाडी आदल्याच दिवशी गॅरेजमधून आली होती. रेडिएटर गळत होता, तो काढून मेकॅनिकने नवा बसवला होता. चावी हातात देताना म्हणाला, "आता बिनधास्त कन्याकुमारीपर्यंत न्या, भाभी."

मी म्हटलं, "आमाले झरीपर्यंतच जायचं आहे रे बापू. तेवढी पोचली म्हंजे झालं."

माझ्या जिभेवर काळा तीळ आहे म्हणतात, ते उगीच नाही.

मोठ्या रस्त्यावर गाडी वारा खात मजेत पळाली. पांढरकवडा मागे पडला, सागाचं जंगल सुरू झालं, रस्ता अरुंद आणि जागोजागी उखडलेला. गाडी बैलगाडीच्या चालीने जाऊ लागली तसा तापमानाचा काटा वर सरकायला लागला.

"अहो, हा काटा पाहा."

"पाहून राह्यलो."

पाहून राह्यलो म्हणजे दुसरं काहीच करून नाही राह्यलो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. थोड्याच वेळात बोनटच्या फटीतून वाफ निघाली, गोडसर जळका वास आला, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गप्प झाली. आम्ही दोघांनी ढकलत ती कशीबशी कडेला घेतली. मोबाईलला रेंज नव्हती, नाहीतर त्या मेकॅनिकचा मी तिथूनच उद्धार केला असता. समोर कुणी नव्हतं म्हणून सगळं यांना ऐकवलं. यांनी ऐकून घेतलं, मागच्या सीटवरचा रिकामा कॅन उचलला आणि म्हणाले, "पुढं वळणापल्याड गाव असंन. हापशी पाहतो. तू गाडीतच बस. उतरू नको."

"मी कुठं जाऊन राह्यली? माझे गुडघे पाह्यले का?"

हे गेले. माझ्या बाजूने ऊन येत होतं, म्हणून मी सरकून यांच्या सीटवर बसले. काचा उघड्या होत्या. गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि तापलेलं लोखंड थंड होताना टिक, टिक करत होतं. सागाची पानं झडून गेली होती. जमिनीवर वाळलेल्या पानांचा असा थर, की खार पळाली तरी कुणी पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. बाजूच्या मोहावर वानरांचा गोंधळ चालला होता. मी मनातल्या मनात मेकॅनिकसाठी चांगल्या ठेवणीतल्या शिव्या जुळवत बसले.

वानरांचा दंगा कधी थांबला ते मला कळलं नाही. एक वानर खोकला झाल्यासारखं खाकरलं, एवढंच ऐकलं. मान वर केली तर समोर रस्त्यावर कुणाचं तरी तांबडं वासरू उभं होतं.

वासराने तोंड वळवलं आणि तो वाघ झाला.

मला अजूनही हे असंच आठवतं. आधी वासरू होतं आणि मग वाघ. त्याच्यावरचे पट्टे मला आधी का दिसले नाहीत, देव जाणे. बाजूच्या रानातून तो एवढा रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्या पानांचा आवाज म्हणून झाला नाही. खारीची चाहूल लागत होती, उंदराची लागत होती, आणि एवढं मोठं जनावर त्याच पानांवरून आलं ते पाण्यातून आल्यासारखं. पाय टाकताना त्याचे खांदे कातडीखाली वरखाली होत होते, जणू आत दुसराच कुणीतरी चालतोय. पोटाखालची कातडी सैल, पांढरी, हलत होती. आमच्या गाडीसमोर तो थांबला आणि कान पुढे केले.

तो ती टिक टिक ऐकत होता.

मग तो खाली बसला. रस्त्यावर, गाडीकडे तोंड करून, आपल्याच अंगणात बसल्यासारखा. मला भीती वाटली का? खरं सांगते, आधी नाही वाटली. आधी नुसतं डोळ्यांत मावेना. आयुष्यभर चित्रात, कॅलेंडरवर, देवीच्या आसनाखाली वाघ पाहिला होता, आणि ते सगळे वाघ मला एका क्षणात खोटे वाटले. याचा रंग असा होता की त्याच्यापुढे ऊनसुद्धा फिकं दिसत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही आणि प्रेमाने तर नाहीच. मी त्याच्या हिशेबातच नव्हते. एवढ्या बायांवर, म्हशींवर, ट्रकवाल्यांवर ओरडून मिळवलेला माझा सगळा रुबाब त्या एका नजरेत उतरला आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. उलट आत कुठेतरी मोकळं वाटलं. माझे हात स्टिअरिंगवर होते, ते तिथेच जोडले गेले.

तेवढ्यात वळणावर हे दिसले.

खाली मान घालून, एका हातात भरलेला कॅन, दुसरा हात तोल सांभाळायला हवेत, असे हे येत होते. वाघाची पाठ यांच्याकडे होती. दोघांच्या मधे फार तर बैलगाडी वळवता येईल एवढी जागा. आणि हे मान वर करेनात.

तेव्हा भीती आली. मी हॉर्नवर दोन्ही हातांनी दाबलं. काही नाही. पुन्हा सगळा भार टाकून दाबलं. आवाज नाही, कुरकुरसुद्धा नाही. मग मी ओरडायला तोंड उघडलं. ज्या तोंडाला आमची आख्खी गल्ली घाबरते ते तोंड उघडं राहिलं आणि त्यातून वारासुद्धा निघाला नाही. गाडीचा हॉर्न आणि माझा, दोन्ही एकाच वेळी मेले होते.

यांनी मान वर केली.

हे पळाले नाहीत. हळूच वाकून यांनी कॅन खाली ठेवला, लहान बाळ झोपवतात तसा, आणि सरळ उभे राहिले. म्हैस जाईपर्यंत थांबतात ना, अगदी तसेच. वाघाने मान मागे फिरवली. त्याने यांना पाहिलं, यांनी त्याला. त्या रस्त्यावर तिघं होतो आणि तिघंही गप्प. वाऱ्याने एक सागाचं पान रस्त्यावरून सरपटत गेलं, त्याचा आवाज मला ढगाच्या गडगडाटासारखा वाटला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. वाघ उठला, आळस दिला, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरला. पुन्हा त्याच वाळल्या पानांवरून, पुन्हा काहीही न वाजवता. मोहावरची, मग पुढच्या झाडांवरची वानरं खाकरत राहिली, त्यावरून तो किती लांब गेला ते कळत होतं.

हे आणखी थोडा वेळ तसेच उभे होते. मग कॅन उचलून गाडीपाशी आले. दार उघडून माझ्या शेजारी, माझ्या जागेवर बसले.

"पाह्यलं?" यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"होर्न काहून नाही वाजवला?"

"वाजवला ना. दोनदा दाबला. वाजलाच नाही."

यांनी कॅन पायाशी ठेवला. मग म्हणाले, "बरं झालं. वाजला असता तं तो बिचकून मांगं पलटला असता. मांगं मीच होतो."

त्यावर मला बोलायला काही सुचलं नाही. आमच्या लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं असावं.

इंजिन थंड झाल्यावर यांनी पाणी ओतलं, चावी फिरवली. गाडी खोकली, मागून पांढरा धूर टाकला आणि तिथेच बसली. दिवस मावळायच्या आत एक प्रवासी जीप आली. तिने आम्हाला, गादीला आणि कुकरला लेकीच्या शाळेपर्यंत पोचवलं. गाडी नंतर दोर बांधून, टोचन करून शाळेच्या आवारात आणली गेली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक स्वतः पिकअप घेऊन आला. त्याने बोनट उघडला, आत वाकला आणि कपाळावर हात मारला.

"भाभी," तो म्हणाला, "रेडिएटर बसवताना वायरींच्या दोन पिना काढल्या होत्या. परत लावायच्याच राह्यल्या. एक पंख्याची आहे. पंखा फिरलाच नाही, म्हणून इंजिन गेलं. चूक माही आहे. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

जुळवून ठेवलेल्या शिव्या अजून तशाच होत्या. मी विचारलं, "अन् दुसरी कायची?"

"ते हॉर्नची."

मी त्या लोंबत्या पिनेकडे पाहत राहिले. बोटाच्या पेराएवढी काळी पिन. एका चुकीने आमची गाडी वाघाच्या वाटेत नेऊन ठेवली होती आणि त्याच चुकीने यांना त्याच्यापासून वाचवलं होतं. आता शिवी द्यायची ती कोणत्या पिनेला? मेकॅनिक मान खाली घालून वाट पाहत होता. मी त्याला चहा घेतोस का म्हणून विचारलं, तर तो जास्तच घाबरला.

इंजिन पूर्ण उघडावं लागलं. ते तयार झाल्यावर आम्ही दोघं गाडी आणायला गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने मला स्टिअरिंगमागे बसवलं, चावी फिरवायला लावली, पंखा सुरू झालेला दाखवला. हॉर्नची पिन आमच्यासमोर लावतो म्हणाला, आणि लावली. हे चहाचा कप घेऊन गाडीच्या समोर उभे होते, पाठमोरे, रस्त्याकडे पाहत.

"आता पाहा," म्हणत मेकॅनिकने खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला.

पत्र्याच्या त्या शेडमध्ये तो आवाज फुटला. हे दचकून गर्रकन मागे वळले. चहा सगळा शर्टावर. आणि मला यांच्या जागी दुसरंच कुणीतरी वळताना दिसलं, तांबडं, पट्ट्यांचं, आणि त्याच्या मागे मान खाली घालून येणारा एक माणूस, हातात पाण्याचा कॅन. जंगलात आलं नव्हतं ते रडू मला तिथे, ग्रीसच्या वासात, सगळ्यांसमोर आलं. हे खिडकीशी आले. ओल्या शर्टानेच यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मेकॅनिक गोंधळून आमच्याकडे पाहत होता. "आवाज कमी वाटला का, भाभी? अजून एकदा वाजवू?"

"नको," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.