खुशालमामांची अदंत गाडी

माझ्या खुशालमामांचा शब्द परतवाड्याच्या बैलबाजारात कसा चालायचा, हे आज अकोल्यात कोणाला सांगायला गेलं तर लोक मान डोलावतात आणि हळूच घड्याळ बघतात. त्यांना काय बोल लावायचा? आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत, बोटं दाबून भाव सांगत, आणि पटलं की हात झटकून सोडत. हात सुटला की सौदा झाला. दुसऱ्या दिवशी बैल लंगडा निघाला तरी मागे फिरणं नाही. मामा त्या बाजाराचे पंच होते. मागे फिरलेल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी भर बाजारातून उठवलं होतं, आणि तो व्यापारी त्यांचा सख्खा साडू होता. साडूने त्यानंतर मामांच्या घरच्या एकाही लग्नात पाय ठेवला नाही. मामा म्हणत, "न येवो. बुंदी वाचली."

मामांचा आणखी एक नेम होता. अदंत बैल ते कधी घेत नसत. अदंत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत असं गोऱ्हं. दिसायला गोजिरवाणं, अंगाने भरलेलं, पण पुढे कामावर जाईल की काम बघून खाली बसेल, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. "दोन दात येऊ द्या, मंग बोलू," असं म्हणून मामा पुढे चालू लागत. चांगली चांगली गोऱ्ही त्यांनी अशी सोडली आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

असा माणूस मोटारीच्या धंद्यात पडला तो मुलापायी. माझा मामेभाऊ सूर्यभान नांगरामागे रमला नाही. अमरावतीला जाऊन मोटार शिकून आला. मामांनी त्याला कोणाची तरी वापरलेली लॉरी घेऊन दिली आणि तो परतवाडा ते चिखलदरा उतारू नेऊ लागला. उन्हाळ्यात साहेब लोक थंड हवेसाठी वर जात, त्यांचे खानसामे, पेट्या, कोंबड्या, सगळं सूर्याच्या लॉरीतून जाई. पण एकोणतीस सालापर्यंत त्या म्हातारीचा जीव संपत आला होता. घाटातल्या अवघड वळणावर ती बसायची आणि भाडं दिलेले उतारू खाली उतरून तिला ढकलायचे. मीही ढकललं आहे. शाळामास्तर म्हणून कोणी सूट दिली नाही.

उन्हाळा तोंडावर आला. नवी लॉरी घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अमरावतीला चिंतामणराव म्हणून एका विलायती कंपनीचे एजंट होते. कंपनीचं नाव कशाला घ्या. त्यांच्या दुकानात दोन लॉऱ्या उभ्या होत्या. एक मागच्या सालची, धूळ खात कोपऱ्यात. तसल्या लॉऱ्या यवतमाळ-अकोल्याच्या रस्त्यांवर वर्षभर धावलेल्या, त्यांची खोड न खोड लोकांना माहीत. दुसरी त्याच साली निघालेली, हिरव्या रंगाची, वऱ्हाडात आलेली पहिलीच. इंजिन मोठं आणि ब्रेक चारही चाकांना. मागच्या सालच्या लॉरीला ते मागच्या दोनच चाकांना होते. सूर्या त्या हिरव्या लॉरीभोवती असा फिरत होता की मला वाटलं, हा आता हिला हळद लावतो.

घरी आल्यावर मामांनी निकाल दिला. "ते अदंत हाये. एक उन्हाळा दुसऱ्याच्या घरी जाऊ दे तिले."

सूर्या चिडला. "दुसऱ्याच्या घरी म्हनजे शेषरावच्या घरी. शेषराव घेऊन राहिला तिले. मंग सारे उतारू त्याच्याकडं जातीन, अन् म्या त्याच्या मांगं धूळ खात जाईन."

हे खरं होतं. शेषराव हा परतवाड्याचाच, घाटात त्याचीही एक लॉरी होती आणि नव्या लॉरीवर त्याचा डोळा होता. मामा रात्रभर विचार करत असावेत, कारण सकाळी म्हणाले, "घाटात भरून पाहू. ओढली त घेऊ."

मामी, म्हणजे मनकर्णाबाई, भाकरी थापत होती. तिचं माहेर घाटाच्या पायथ्याचं. तिने मान वर न करता विचारलं, "चढन त चढन. पन उतरतानी ओंडका कुठं बांधसान?"

घाटातून भरलेली बैलगाडी उतरवताना मागे लाकडाचा मोठा ओंडका बांधून फरफटत नेतात, म्हणजे गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. सूर्या हसला. "आई, तिले चारी चाकाले ब्रेक हाये." मीही हसलो. मामीने पुढची भाकरी थापायला घेतली.

चिंतामणराव भला माणूस. त्यांनी लॉरी परतवाड्याला आणली आणि मामांनी तिच्यात सरकीची पोती भरली. बैलाची परीक्षा आमच्याकडे अशीच होते. गाडी भरायची, चाकं दोराने बांधायची आणि बैलाला ओढायला लावायचं. चाकं फिरत नाहीत, तरी जो मान खाली घालून जोर लावतो तो बैल खरा. मामांनी ह्या लॉरीचीही तशीच परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. सूर्या चालवायला, मामा त्याच्या शेजारी, आणि मागे पोत्यांवर चिंतामणराव आणि मी.

वर जाताना मामांनी लॉरीचा अगदी अंत पाहिला. सगळ्यात उभ्या वळणावर तिला थांबवायला लावलं. मी खाली उतरून मागच्या चाकांखाली दगड लावले. मग मामा म्हणाले, "आता उचल." लॉरीने एक घरघर केली आणि पोत्यांसकट अशी वर निघाली की दगड जागेवरच राहिले आणि मला पळत जाऊन मागची फळी धरावी लागली. मामांनी आणखी एकदा थांबवली, पुन्हा दगड, पुन्हा उचलली. चिंतामणराव माझ्याकडे बघून मंद हसत होते. मामांच्या पाठीवरूनच मला कळत होतं की गोष्ट पक्की झाली.

चिखलदऱ्याला पोचल्यावर मामांनी तिच्या नाकाडावर थाप मारली. "चिंतामणराव, हात द्या."

"रुमालाखाली?" चिंतामणरावांना गंमत वाटली. "अहो, कंपनीचा भाव ठरलेला आहे."

"असंन ठरला. सौदा आमच्या रीतीनं."

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, दोघांच्या हातावर टाकला. चहाच्या दुकानातले लोक उठून बघायला आले. हात सुटला. सूर्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. मलाही फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

सरकी मामांच्या घरच्या जनावरांची होती. बैलाच्या परीक्षेत एकदा ओढून झालं की गाडी तिथेच रिकामी करतात. पण इथे पोती घरी न्यायची होती म्हणून ती तशीच राहिली.

उताराला लागलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पहिली वळणं छान गेली. चिंतामणराव मला इंजिनाचं काहीतरी समजावून सांगत होते. मग मला करपल्यासारखा वास आला. मी म्हटलं, कोणी रान पेटवलं असेल. चिंतामणराव बोलता बोलता थांबले. पुढच्या बाजूला फळी नव्हती, सूर्याची पाठ मला दिसत होती. तो ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला होता.

"हळू घे," मामा म्हणाले.

"हळूच घेऊन राहिलो," सूर्या म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटेना.

लॉरी हळू होत नव्हती. पोती एका बाजूला सरकली आणि मी त्यांच्याबरोबर सरकलो. डाव्या हाताला दरी होती. सूर्याने हाताचा ब्रेक ओढला, गिअर खाली टाकायला गेला, तो पडेना, नुसता खरखरला. समोर वळण दिसत होतं आणि त्या वळणापलीकडे झाडांचे शेंडे. मी विठ्ठलाचं नाव घेतलं की आईचं, मला आठवत नाही. मामांनी एकच शब्द उच्चारला, "डोंगर." सूर्याने चाक उजवीकडे फिरवलं. लॉरी डोंगराच्या मातीत घासत, धक्के खात गेली आणि नालीत चाक रुतून थांबली. दोन पोती आमच्या डोक्यावरून रस्त्यावर पडली, फुटली, आणि सरकी उताराने खाली घरंगळत गेली.

कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चाकांतून धूर येत होता. सूर्या खाली उतरला आणि हसू लागला. हसणं थांबेना तेव्हा मामांनी त्याचा दंड धरला आणि तो गप्प होईपर्यंत सोडला नाही. मी मात्र नालीच्या काठावर बसलो.

चिंतामणराव आधी सावरले. "नवी गाडी आहे, खुशालराव. ब्रेक अजून बसायचे आहेत. थोडी चालली की आपोआप बसतील."

"चूक माही हाये, बा," सूर्या म्हणाला. "गिअर वरूनच खाली टाकाले पाह्यजे व्हता. म्या ब्रेकच्या भरवशावर राह्यलो."

मामा चाकाजवळ उकिडवे बसले. हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. "आमी ओढनंच पाहत राह्यलो," ते म्हणाले. "बैल उतारावर सोताले सोता धरते. ह्या गोष्टीचा इचारच नाई केला." मला त्यांचं मन दिसत होतं. लॉरी घेतली तर उद्यापासून रोज सूर्या हीच लॉरी भरून ह्याच उताराने येणार. नाही घेतली तर हात फिरवला, म्हणजे झालेला सौदा मोडला.

चिंतामणरावांनीही ते ओळखलं. ते मऊपणे बोलले, पण बोलले. "शेषराव उद्या दुकानात येणार आहेत. तुमच्या शब्दावर मी त्यांना नाही म्हणणार आहे. तुम्हाला शब्दाचं मी काय सांगावं?"

मला त्या माणसाचा असा राग आला! पण त्यात त्याचं काय चुकलं होतं? रुमाल मामांचाच होता.

मामा उभे राहिले. "म्या मांगं फिरून राहिलो, चिंतामणराव."

सूर्या पुढे आला. तो रागाने लाल झाला होता. "बा, असं काहून करता? चार लोकाइनं पाह्यलं. तुमी सख्ख्या साडूले बाजारातून उठवलं. आता तोंड कसं दाखवसान?"

"नाई दाखवनार."

"ब्रेक बसतीन म्हनतात न थे."

"बसतीन. कदाचित लय चांगले बसतीन." मामांनी रुमाल झटकला, त्यातली माती गेली नाही, तसाच डोक्याला बांधला. "शब्द माहा व्हता, सूर्या. पोरगं बी माहंच हाये. दोन्ही त नाई सांभाळता येत मले."

चिंतामणराव लॉरीजवळ थांबले. आम्ही तिघे चालत घाट उतरलो आणि पायथ्याच्या गावातून त्यांच्यासाठी माणसं पाठवली. घरी पोचलो तेव्हा मामीने आमच्या अंगावरची माती पाहिली, पाय धुवायला पाणी ठेवलं आणि ताटं वाढली. ओंडक्याचं नावही काढलं नाही. तिच्या जागी मी असतो तर सात पिढ्यांना ऐकवलं असतं.

पुढच्या बाजाराला मामा नेहमीच्या वेळी गेले. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी डोक्याचा रुमाल काढून पंचांच्या सतरंजीवर ठेवला आणि घरी आले. दोघे-तिघे मागोमाग समजावायला आले, त्यांना त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. त्यानंतर मामांनी बैलाच्या सौद्यात हात घातला नाही. साडू म्हणे त्या दिवशी पेढे वाटत फिरला. वाटले असतील, त्याला तेवढंच जमायचं.

मामांनी मागच्या सालची ती धुळीतली लॉरी घेतली. हिरवी शेषरावने घेतली. मामा मुद्दाम त्याच्या घरी गेले होते, "उतारावर भरून पाहून घे" हे सांगायला. शेषराव म्हणाला, "सोताचा हात फिरवला, आता माहा फिरवाले आले काय?" त्यावर मामा उठून आले.

आणि खरं सांगायचं तर त्या हिरव्या लॉरीला पुढे काहीही झालं नाही. चिंतामणरावांनी ब्रेक बदलून दिले की ते आपोआप बसले, मला ठाऊक नाही. शेषरावचा पुतण्या तिला उतारू भरभरून घाटातून नेई आणि वळणावर सूर्याला मागे टाकून भोंगा वाजवी. गाव हसलं. सूर्या तो सबंध उन्हाळा बापाशी कामापुरतं बोलला. मलाही वाटायचं, मामांनी नाव घालवलं ते कशासाठी?

सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. संध्याकाळी सूर्याची लॉरी आली, तो हातपाय धुऊन जेवायलाही बसला, तरी मामा बाहेर ओट्यावरच बसलेले. मी म्हटलं, "मामा, आपली गाडी आली की."

"आली," ते म्हणाले आणि बसून राहिले.

समोरच्या घरून कोणीतरी टोमणा मारला की खुशालराव शेषरावच्या उतारूंची गिनती करत बसतात. मामांनी तिकडे पाहिलं नाही. मी आत मामीकडे पाहिलं. तिने मामांचं ताट झाकून ठेवलं होतं, आपलंही. रोजचंच असावं.

मग अंधार पडता पडता घाटाच्या रस्त्याकडून शेषरावच्या लॉरीचा भोंगा ऐकू आला. मामा उठले, अंगणात पाय धुतले आणि दारातून म्हणाले, "वाढ वं. उतरली."