उजायामा ये

जिजीची रीत ठरलेली. हनुवटीला दोन बोटं लावून समोरच्याचं तोंड दाराकडे वळवायचं आणि म्हणायचं, "उजायामा ये." म्हणजे उजेडात ये. मग समोर नवरी असो, रडकं पोर असो, नाहीतर शेजारी राहायला आलेली माझ्यासारखी नवी मास्तरीण असो. नाव-गाव विचारणं नंतर, आधी तोंड उजेडात.

मी तिच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा नंदुरबार हे तालुक्याचं गाव होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी शाळेत निघाले, तर तिनं मला दारात अडवलं. तोंड उन्हाकडे फिरवलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही फळा पुसीसन निंघनात का?" मी पावडर लावली होती. ती हनुवटीपाशी संपत होती आणि त्याखाली मी माझ्या मूळ रंगाची होते. तिनं माठातल्या पाण्यात मलमलीचं फडकं बुडवलं, घट्ट पिळलं आणि माझ्या गालांवर नुसतं दाबत नेलं, नाकापासून कानाकडे. "घसू नको, दाब. तोंड आन गया सख्ख्या बहिनी दिसाले जोयजेत." गया म्हणजे गळा. शाळेत मोठ्या बाईंनी मला विचारलं, "आज बरं वाटतंय ना? मुलाखतीला आलात तेव्हा आजारी होतात का?"

सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची. तिचा नवरा एका फिरत्या नाटक कंपनीत रंगवाला होता, नटांची तोंडं रंगवणारा. कंपनी मोडली ती नंदुरबारच्याच मुक्कामात, आणि हे दोघं इथेच राहून गेले. तो वारल्यावर जिजी बाजारात बांगड्यांची पाटी घेऊन बसायची. पण तिची खरी ऐट होती ती नवऱ्याच्या पेटीची. पेटीत सफेदा, पिवडी, गेरू, खोबरेलाची बाटली, मेणाचा गोळा, पिंजलेल्या कापसाचे बोळे आणि एक गुळगुळीत काळी पाटी, रंग घोटायला. मुलगी दाखवायची असली की आसपासच्या चार गल्ल्यांतून बोलावणं यायचं आणि जिजी ती पेटी काखेत मारून अशी निघायची, की मागून पडदा वर जाणार आहे असं वाटावं.

तिची पद्धत मी पुष्कळदा पाहिली. आधी थंड फडक्यानं तोंड दाबायचं. मग खोबरेलाचा हात, तोही नावापुरता, बाकीचं तेल टिपून घ्यायचं. पाटीवर सफेदा आणि पिवडी घोटायची, गेरूची चिमूट टाकायची, आणि तो रंग आधी मुलीच्या गळ्यावर लावून बघायचा. मनगटावर कधीच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "हात उन्हमा ऱ्हास, गया पदरमा." गळ्यावर लावलेला ठिपका दिसेनासा झाला, की रंग जमला. मग कपाळ, नाक, गाल, ओल्या बोळ्यानं टिपत टिपत. कडा कानामागे आणि केसांत विरवून टाकायच्या. शेवटी पावडर, आणि पावडरीवर पुन्हा ते पिळलेलं फडकं. तोंडावर काही लावलंय असं सांगूनही खरं वाटू नये.

मिरचीच्या हंगामात मात्र तिची फजिती व्हायची. गावाबाहेर मिरच्या वाळत पडलेल्या, वारा तिकडून सुटला की अख्खं गाव शिंकतंय आणि नवरीच्या डोळ्यांतून धारा. त्या धारा गालांवरच्या रंगातून वाट काढत खाली. म्हणून त्या दिवसांत जिजी अंगणात उभी राहून आधी वारा बघायची आणि वारा वाईट असला तर पाहुण्यांनाच उद्या या म्हणून सांगा म्हणायची. पाहुणे कुठले ऐकतात! मग ती मुलीच्या शेजारी बसून फडक्याच्या कोपऱ्यानं डोळे टिपत राहायची, आणि पाहुण्यांना वाटायचं मुलगी फार हळवी आहे.

गंमत म्हणून सांगण्यासारखं एवढंच. यापुढचं सांगताना मला तिची ऐट आठवते आणि वाईट वाटतं.

आमच्या गल्लीत मिरची बाजारातल्या एका तोलाऱ्याचं घर होतं. वजन करण्यात त्याचा हात सरळ, म्हणून त्याला मान होता. त्याच्या मोठ्या मुलीला लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण गालांवर आणि नाकावर वण राहिले, खोल. नाहीतर मुलगी तरतरीत, हसरी, चालणं ताठ. दोन स्थळं तोंड बघूनच परत गेली होती. तिसरं तापीकाठच्या एका गावचं आलं, घरची केळी-कापसाची शेती, मुलगा शिकलेला. तोलाऱ्याची बायको पदर पसरून जिजीकडे आली.

पाहुणे सकाळच्या गाडीनं येणार होते, ते आले संध्याकाळच्या. दिवेलागण झाली होती. जिजीनं दिवसभर मुलीला पाटावर बसवून ठेवलं होतं. मेण पातळ करून त्यात सफेदा घोटला होता आणि करंगळीशेजारच्या बोटानं एकेक वण भरला होता. मी तिथेच होते, पाणी बदलून देत होते. मुलीनं एकदा तिचं मनगट धरलं.

"जिजी, ऱ्हाऊ दे. मन्हं तोंड जसं शे तसं दिसू दे."

"चूप बस. बोलू नको, मेण फाटी जाई."

मुलगी गप्प बसली. ती नंतर बोललीच नाही, कारण बोलली तर मेण फाटेल असं तिला सांगितलं होतं. पाहुण्यांनी नाव विचारलं तेही तिच्या आईनंच सांगितलं. कंदिलाच्या उजेडात ते तोंड असं दिसलं की आम्ही गल्लीतल्या बायका दाराआडून बघतच राहिलो. नटांची तोंडं दिव्यासाठीच रंगवतात. सकाळची गाडी रिकामी गेल्यावर जिजीनं दिव्यासाठीच ते रंगवलं होतं. पाहुण्यांनी होकार दिला तेव्हा ती मागच्या दारी येऊन मला म्हणाली, "देखं? कंपनीमा असती तं टाळ्या पडत्यात." तिच्या त्या वेळच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. आपण काही लपवलं असं तिच्या मनातही नव्हतं. तिनं एक काम चांगलं केलं होतं.

लग्नात हळद, मुंडावळ्या, डोईवरून पदर. तोंड कोण बघतो? सासरी पहिल्या सकाळी मुलीनं आडावर तोंड धुतलं आणि सासूनं पाहिलं.

हातावरची हळद पुरती उतरली नव्हती तेव्हा तिला बैलगाडीत बसवून आणून सोडलं. "फसवं," असं गाडीवानासमोर, गल्लीसमोर सांगून गेले. तोलाऱ्याच्या सरळ हाताला त्या दिवसापासून लोक हसायला लागले. मुलगी घरात शिरली ती मान ताठ ठेवूनच, पण जिजीच्या दारावरून जाताना तिनं नजर खाली घातली.

जिजीनं दुसऱ्या दिवशी बांगड्यांची पाटी घेतली नाही. एसटीनं, पुढे चालत, ती एकटी त्या गावी गेली. परत आली ती माझ्याच खोलीत येऊन बसली. लुगड्याला वाटेवरची धूळ तशीच.

"मी त्यास्ले सांगं, पाप मन्हं शे. पोरना दोष नही. तं सासू म्हने, पोर खरी व्हती तं बोलनी का नही?"

"मग?"

"मी सांगं, ती बोलनी व्हती. मीच ऐकं नही."

त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि काही उपयोग झाला नाही. पुढे जातीच्या पंचांसमोर काडीमोड झाली. तोलारी कुटुंबानं जिजीला कधी एक शब्द लावला नाही. तोलाऱ्याची बायको म्हणायची, मीच तिला बोलावलं होतं. पण त्यानं जिजीला हलकं वाटलं नाही, उलट दोष वाटून घ्यायलाही कोणी उरलं नाही असं तिला झालं. तिनं पेटी माळ्यावर टाकली. रंग घोटायची पाटी तेवढी खाली ठेवली, माठाखाली, पालथी. रोज पाणी घेताना ती नजरेस पडायची, आणि ती नजरेस पडावी म्हणूनच तिथे ठेवली होती.

बायका तरीही यायच्या. "जिजी, एवढं एकदाच." ती म्हणायची, "तोंड धोय आन उजायामा बसाड." एकदा तर कहर झाला. शेजारच्या गल्लीत मुलगी बघायला पाहुणे बसले असताना ही ओलं फडकं घेऊन सरळ ओटीवर गेली, आणि मुलीच्या तोंडावरचा पावडरचा थर सगळ्यांसमोर टिपून काढला. मुलीची आई लाटणं घेऊन मागे लागली. मुलाला हसू आवरेना आणि त्यानं तिथल्या तिथे होकार दिला. गल्लीत हसण्यावारी गेलं. जिजी मात्र हसली नव्हती. घरी येऊन तिनं ते फडकं तीनदा धुतलं.

तोलाऱ्याची मुलगी पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, देठं खुडायला जायला लागली. रोज सकाळी जिजीच्या दारावरून जायची. रोज त्या वेळी जिजी उंबऱ्याशी काहीतरी निवडत बसलेली असायची, कधी तांदूळ, कधी नुसतंच रिकामं सूप. मुलीनं शिवी दिली असती तर तिनं ओंजळीत झेलली असती. पण मुलगी नजर खाली घालून जायची, बोलायची नाही. अशी वर्षं गेली.

मग देवी टोचणारे यायला लागले. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणायचे. बायका त्यांना पाहिलं की पोरं कणगीत लपवायच्या, देवीचा कोप होईल म्हणून. जिजीला प्रत्येक घरची कणगी ठाऊक. ती त्या माणसाच्या पुढे चालायची, पोराला शोधून मांडीवर घ्यायची, हनुवटीला दोन बोटं लावून त्याचं तोंड स्वतःकडे वळवायची म्हणजे सुई दिसू नये. आयांना दटावायची, "आते टोची ले. नही तं उद्या मन्हाकडे लयशी, आन मी काही वण भरी देवाव नही." डोंगरातल्या मोलगीच्या बाजारालाही ती त्या माणसाबरोबर जीपमधून जाऊन आली. तिथली भाषा तिला येत नव्हती. ती बायकांना स्वतःच्या गालांवर बोटं टेकवून दाखवायची, इथे, इथे, इथे. बोटं कुठे टेकवायची हे तिला बघावं लागत नव्हतं. तोलाऱ्याच्या मुलीच्या गालांवरचा एकेक वण तिला पाठ होता.

तुम्ही म्हणाल, एवढं केल्यावर तिचं मन निवलं असेल. मीही तसं म्हटलं होतं. ती म्हणाली, "बाई, हाई गावना पोरंसाठे शे. तिन्हासाठे मी काय करं?"

एका रविवारी सकाळी मी जिजीकडे चहाला बसले होते, आणि दारात तोलाऱ्याची मुलगी उभी राहिली. प्रकाशा गावाहून एक बिजवर येणार होता तिला बघायला, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ती आत आली आणि पाटावर बसली, तोंड पुढे करून, त्या दिवशी बसली होती तशीच. जिजी उठून भिंतीला टेकली.

"नही वं माय. मन्हाघाई नही व्हवाव."

"रंग नको," मुलगी म्हणाली. "नुसतं तोंड पुसी दे."

जिजीनं फडकं माठात बुडवलं, पिळलं. मुलीच्या हनुवटीला दोन बोटं लावून तोंड दाराकडे वळवलं, पण नेहमीचं वाक्य तिच्या तोंडातून फुटलं नाही. तिनं कपाळ दाबलं, नाक दाबलं, गाल दाबले. एकेका वणावर फडकं थांबत होतं. झाल्यावर मुलीनं विचारलं, "मी कशी दिसस?"

"जशी शे तशी."

मुलगी हसली. "मी तेच सांगं व्हतं, जिजी."

आणि उठून गेली. बिजवरानं तिला भर उन्हात, ओट्यावर बघितलं आणि ते लग्न जमलं. जिजी मात्र संध्याकाळपर्यंत ते फडकं हातात धरून बसली होती. "ती हासनी, बाई," ती म्हणाली. "शिव्या देती तं बरं वाटतं." मुलगी सासरी निघाली त्या दिवशी सगळी गल्ली वेशीपर्यंत गेली. जिजी दारातच राहिली.

पुढच्या थंडीत जिजीला ताप भरला आणि उतरलाच नाही. शेवटी शेवटी ती सारखी विचारत होती, तिकडून काही निरोप आला का, बरी आहे ना. निरोप येत नव्हता, म्हणजे बरीच असणार, असं मी सांगायचे. ती मान हलवायची, पण तिला ते पटत नसे. गेल्यावर आम्ही बायकांनीच तिचं तोंड पुसलं. घासू नका, दाबा, असं मी कुणाला तरी म्हणाले. तिच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे राहिली.

होळीच्या सुमाराला मी शाळेतून आले, तर त्या कुलपासमोर तोलाऱ्याची मुलगी उभी. अंगानं भरली होती. कडेवर बाळ होतं. तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं, तशी तिनं कुलपावर हात ठेवला.

"तिले दखाडाले लयी उनू," ती म्हणाली आणि तिनं बाळाच्या झबल्याची बाही वर सरकवली. दंडावर देवी टोचल्याची खपली होती, नुकती धरलेली. बाळाचे गाल आईसारखे भरलेले आणि अगदी गुळगुळीत होते.

मी किल्ली शोधायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात ती दोन पावलं मागे सरली, ओसरीच्या सावलीतून बाहेर आली, आणि बाळाचा तो दंड बंद दारासमोर उन्हात धरला.

"देख, जिजी," ती म्हणाली. "उजायामा देख."