दाराचं रबर

अमरावतीचा मेकॅनिक फ्रीजचं दार न उघडताच म्हणाला, "याचं रबर आता मिळत नाही. फ्रीज नवाच घ्या." मशीन ठणठणीत असताना! नव्या फ्रीजचं चकचकीत पत्रक ओट्यावर ठेवून तो गेला. मी तणतणत दाराचं रबर खेचून काढलं, गरम पाण्यात टाकलं. त्या वासानं अकोल्याचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

दार घट्ट लागत नाही म्हणून बाबा फ्रीज भंगारात द्यायला निघाले होते. घंगाळातल्या गरम पाण्यात रबर दाबत आई कडाडली, "रबर आखडलं तं आख्खा फ्रीज फेकता काय तुमी? काहून?" रबर ताणून बसवल्यावर तिनं दाराच्या फटीत कॅलेंडरचं पान धरून दार लावलं. "आता ओढा." बाबांनी ओढलं. पान हललं नाही.

आज मीही रबर बसवलं आणि दारात मेकॅनिकचं पत्रक अडकवलं. जोर लावून ओढलं. पत्रक फाटलं, पण निघालं नाही.