वेताचा चेंडू आणि माझे तीन परिच्छेद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मुलीच्या कोचबद्दल क्लबकडे गेलेली ती निनावी तक्रार मी लिहिली होती.

कोच थायलंडचा. तिकडच्या लीगमध्ये आठ-नऊ वर्षं डाव्या विंगला फुटबॉल खेळला, मग गुडघा गेला. बायकोला शिकागोत नर्सची नोकरी लागली म्हणून इकडे आला, इथल्या परीक्षा देत देत कोच झाला आणि जवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या क्लबात बारा वर्षांच्या मुलींना शिकवू लागला. पालकांची नावं त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून तो जर्सीच्या नंबरावर भागवायचा. मी 'सेव्हनचे पप्पा'.

प्रॅक्टिसची पहिली वीस मिनिटं फुटबॉल बॅगेतच. तो मुलींना गोल उभं करी आणि वेताचा विणलेला, पोकळ चेंडू मध्ये उडवी. पायाने, मांडीने, खांद्याने तो हवेत ठेवायचा. पडला की सगळ्यांनी हसायचं, हाच नियम. त्याच्या गावी सगळे असंच खेळतात म्हणे. मुली हसून हसून गवतावर लोळायच्या. आणि शनिवारी मॅच हरायच्या.

"अरे यार, हा टाइमपास अजून किती दिवस?" घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले बाप म्हणायचे, आणि बोलून मोकळे व्हायचे. मी बोलत नाही, लिहितो. ऑफिसात पंधरा जणांची अप्रेझल्स लिहायचं काम माझ्याकडे. सीझन संपल्यावर क्लबाचा फीडबॅक फॉर्म आला. नाव टाकायची सक्ती नव्हती. लंच टाइमला डबा बाजूला सारून मी त्या माणसाचं अप्रेझलच लिहिलं. तीन परिच्छेद. रिझल्टबद्दल ओनरशिप दिसत नाही. स्ट्रक्चर कमी पडतं. कॉर्नर किकच्या वेळी कुठे उभं राहायचं हे मुलींना ठाऊक नसतं. खरं कारण तेवढं लिहिलं नाही: आमच्या मुलीला त्याने सलग तीन मॅच बेंचवर बसवलं होतं.

क्लबाने टीम त्याच्याकडून काढून घेतली आणि सहा वर्षांची पिल्लं त्याच्या गळ्यात मारली.

पुढच्या आठवड्यात पार्किंग लॉटमध्ये त्याने मला गाठलं. हातात घडी घातलेला कागद.

"सेव्हनचे पप्पा, तुम्ही मॅनेजर ना? हे ऑफिसचं इंग्लिश जरा समजावून सांगा."

माझेच तीन परिच्छेद, क्लबाने प्रिंट काढून दिलेले. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून मी त्याला ओळ न् ओळ समजावली. जमेल तितकी मऊ करून. तो पेन्सिलीने खुणा करत होता. कॉर्नरपाशी थांबला आणि मोठ्यांदा हसला.

"बरोबर बोलतोय हा! मी जन्मभर कॉर्नर मारले. आत कोण कुठे उभं राहतं ते बघायची वेळच आली नाही." मग कागदावर टिचकी मारून म्हणाला, "प्रत्येक मॅच नीट बघतो हा माणूस. कोणी तरी चांगला बाप आहे. कोण असेल?"

"काय माहीत," मी म्हणालो.

त्यानंतर त्याच्या पिल्लांच्या प्रॅक्टिसला मी काही ना काही घेऊन जाऊ लागलो. एकदा डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून कैऱ्या आणल्या, फोडी करून तिखट-मीठ लावून. तो उडालाच. "हे तर आमचं खाणं!"

"आमचं," मी म्हणालो.

"बरं, दोघांचं. पण तुमचं तिखट भेकड आहे." आणि डब्याच्या झाकणावर फोडी मांडून तो मला विचारू लागला, "ही गोलकीपर. आता बाकीच्या कुठे?" झाकणावरचे खेळाडू आम्ही खात खात कॉर्नर शिकलो. मुलगी लांबून बघून म्हणाली, "बाबा, यू गाइज आर सो वीअर्ड." पण स्वतःच्या प्रॅक्टिसआधी वेताच्या चेंडूच्या गोलात शिरायची तीही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. गेल्या शनिवारी त्या पिल्लांची फायनल होती. बरोबरी, शेवटची मिनिटं, आणि आपल्याला कॉर्नर. सगळ्या मुली झाकणावरच्या फोडींसारख्या आपापल्या जागी गेल्या. चेंडू आला तो सगळ्यात बुटक्या पोरीकडे. तिने तो जमिनीवर पडूच दिला नाही. पाय आडवा उचलून, वेताचा मारतात तसा, हवेतच मारला. गोल! एक काकू थर्माससकट नाचल्या. मी ओरडलो, ऑफिसातल्या कुणी मला ओळखलं नसतं असा.

कोच धावत आला, क्लिपबोर्डला मागून चिकटवलेला तोच कागद सगळ्या पालकांना दाखवत. "हा गोल ह्या बापाचा! सेव्हनचे पप्पा, शोधून द्या ना मला हा माणूस. मिठी मारायचीय."

मी तोंडात कैरी कोंबली.

सप्टेंबरपासून मोठ्या मुलींची टीम परत त्याच्याकडे येतेय. माझी सात नंबरही त्यात आहे. त्याआधी त्याला सांगायची दोन वाक्यं माझ्याकडे बाकी आहेत: तो कागद मी लिहिला होता. आणि कॉर्नरसाठी नाही, मुलगी बेंचवर होती म्हणून लिहिला होता.