त्या दिवशी चूल पेटली नव्हती

काशीच्या दुर्गाघाटावर स्नान उरकून पायऱ्या चढत होते, तेवढ्यात पुतण्या समोर आला आणि म्हणाला, "काकू, बाबा गेले." ओलेत्यानंच मी घराकडे धावले… भाऊजींना आंघोळ घालून ठेवलं होतं. महिना होत आला त्याला. लिहायचं मनात नव्हतं. माझ्यासारखी फटकळ बाई कुणाचं कौतुक करायला लागली की लोकांना शंका येते. पण तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी हलकेच म्हणालं, माणूस भला होता, पण गंगा उकळली आणि एका सवाष्णीचा जीव घेतला. मी पानावरून उठले आणि लिहायचं ठरवलं.

वासुदेवभाऊजी माझे धाकटे दीर. बालाजीघाटाच्या वर, दोन खोल्यांत, चार मित्रांना हाताशी धरून त्यांनी आमचं सेवामंडळ काढलं. देशावरून आलेल्या यात्रेकरूंना पत्रं लिहून द्यायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, कुणी आजारी पडलं तर उशाशी बसायचं. पगारी माणूस एकही नाही, ज्यानं त्यानं आपली पाळी सांभाळायची. पाण्याची पाळी माझी. पहाटे सोवळ्यात कळशा भरून आणायची मी.

त्या उन्हाळ्यात हैजा, म्हणजे पटकी, पसरला. गोऱ्या साहेबानं बजावलं होतं की जरा हयगय दिसली तर मंडळाला कुलूप. भाऊजींनी नियम केला, आजाऱ्याला उकळलेलंच पाणी द्यायचं. गल्लीत एकच बोंब उठली. गंगेला चुलीवर चढवायची? गंगेत कधी किडा पडलाय? खोटं कशाला बोलू, मीही त्यांच्यातलीच. भाऊजींपुढे मान डोलावली आणि मनात म्हटलं, चार बुकं काय शिकले, गंगामाईला शिजवायला निघाले!

सगुणा साताऱ्याकडची. सासूबरोबर काशीयात्रेला आलेली, असेल वीस-बावीस वर्षांची. तिलाही हैजा झाला, मंडळात आणून ठेवली. तीन दिवस तिचं काही खरं नव्हतं. चौथ्या दिवशी डोळे उघडले, चार शब्द बोलली. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जपा. भाऊजी मला दोनदा बजावून औषध आणायला गेले, आणि मी चूल पेटवलीच नाही. पोर म्हणाली, "काकू, गंगेचं गार पाणी द्या ना." कळशी भरलेली होती. पेल्यामागून पेला दिला. मला पुण्यच वाटलं हो… दुपारी जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या. दिवस मावळायच्या आत ती गेली. उकळलेलं दिलं असतं तर वाचली असती का, देव जाणे. हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

गल्लीतली मंडळी दारात जमली. सासू ऊर बडवत होती. पाण्यातलं सत्त्व घालवलं म्हणून सूनबाई गेली, असं जो तो म्हणू लागला. भाऊजी स्वयंपाकाच्या खोलीत गेले, मागोमाग मी. त्यांनी चुलीत हात घातला. कालची गार राख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे माझं नाव घेणार. ते बाहेर गेले आणि म्हणाले, "पाण्याचा जिम्मा माझा होता." मंडळाची किल्ली त्यांनी गल्लीतल्या पंचांच्या हातात ठेवली. मी पदर तोंडाशी धरून दाराआड उभी. लाज वाटते मला.

चार महिने कुलूप होतं. माणसं आजारी पडत होती आणि उशाशी बसायला कुणी नव्हतं. भाऊजींना पंगतीचं बोलावणं बंद झालं. घरात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मीच विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "वहिनी, सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा कळशी हातात घेतली असती का?"

मंडळ उघडलं त्या दिवशी मी सगळ्यात आधी चूल पेटवली. कुणी काय म्हणायचं ते म्हणाले. तेव्हापासून एक दिवस चुकले नाही.

परवा मंडळात गेले. भिंतीवर पाळ्यांचा कागद आहे, मंडळ पुन्हा उघडल्यावर भाऊजींनी स्वतः लिहिलेला. अक्षर थोडं पुसट झालंय. सगळ्यांची नावं आहेत, आणि एका ओळीत नुसतं, "पाणी : वहिनी." नवी मंडळी म्हणतात, आता दुसरा कागद लावू. तर मंडळी, ऐका. सगुणाला उकळलेलं पाणी मिळालंच नव्हतं. कच्चं पाणी मी पाजलं. हे वाचून माझी पाळी काढायची तर खुशाल काढा… पण तो कागद तुमच्या हातानं उतरवा, मी नाही उतरवणार.