गरम बटाट्यावर नेम

व्हर्लन हटोला कोणी काही शिकवलेलं खपत नसे. अडुसष्ट वर्षांचा माणूस, टेक्ससात भुईमूग पिकवणारा, बाराव्या वर्षापासून हातात बंदूक. त्याला पुस्तिका वाचून नेम जुळव म्हणणं म्हणजे त्याचा अपमानच की. पण चर्चमागच्या दफनभूमीत रानडुकरं शिरली. एका आठवड्यात नऊ थडग्यांवरची माती त्यांनी नाकानं उकरून टाकली, आणि दहावं थडगं होतं जोनेलचं. जोनेल त्याची बायको, तिला जाऊन चौदा महिने झाले होते. पुढच्या रविवारी थडगी सजवायचा वर्षाचा दिवस. सगळं गाव फुलं आणि जेवणाची भांडी घेऊन तिथं जमणार. त्याआधी तिच्या मातीला डुकराचं नाक लागलं असतं, तर या माणसानं कोणाला तोंड दाखवलं नसतं.

डुकरं यायची अंधारात. म्हणून व्हर्लननं अंगाची ऊब दाखवणारं यंत्र मागवलं. बंदुकीवरच्या नेहमीच्या दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला ते क्लिपनं बसवायचं, की काळोखातलं डुक्कर पांढरंशुभ्र दिसतं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं, की दुर्बिणीवरच्या नेम जुळवायच्या चकत्यांना हात लावू नका. गोळी बाजूला गेली तर यंत्राची बटणं दाबून चित्र सरकवा. ते पान व्हर्लननं उघडलंच नाही. पहिली गोळी डावीकडे गेली, तसा इतक्या वर्षांच्या सवयीनं हात चकत्यांकडे गेला आणि त्यानं त्या पिरगाळल्या. झालं, रात्रीचा नेम तर नव्हताच, दिवसाचाही गेला. क्लिपची कडी सैल होती, तिच्यात त्यानं चिकटपट्टी कोंबली, त्यामुळे यंत्र दर गोळीला थोडी मान वळवू लागलं. पशुखाद्याच्या दुकानात बसणाऱ्या चौघांनी चार सल्ले दिले. या शहाण्यानं चारही पाळले.

त्यात आणखी एक भानगड. यंत्राला नुसता कागद दिसत नाही, लक्ष्य गरम लागतं. कोणीतरी म्हणालं, फळीवर भाजलेला बटाटा ठोक. तेव्हा व्हर्लननं जोनेलच्या थोरल्या बहिणीला, ओलेटाला, रोज डझनभर बटाटे भाजून द्यायला सांगितलं. कशासाठी ते ऐकून तिनं कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही. आता त्या मुलखात भाजलेला बटाटा कोरडा कोणी घराबाहेर पाठवत नाही. गोळी घालायला का नेईना, ओलेटाच्या घरातून निघालेला बटाटा मधोमध चिरून, लोणी, चीज आणि बेकनचे तुकडे भरूनच निघाला.

सोमवारी संध्याकाळी खडीच्या जुन्या खाणीत व्हर्लननं बारा बटाटे ठोकले. एकालाही गोळी लागली नाही. मंगळवारी सकाळी जाऊन बघतो तर फळी लख्ख चाटलेली, खिळेसुद्धा चकचकीत, आणि चहूकडे खुरांचे ठसे. तसाच तो धावत दफनभूमीकडे गेला. तिथं गवताची काडी हलली नव्हती. बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. गडी गोंधळला, पण नेम जुळवायचं काही त्यानं सोडलं नाही.

शुक्रवारी तो दिवस मावळताना बटाट्यांचा ट्रे शेजारी घेऊन खाणीत बसून राहिला. डुकरं आली. वीस-बावीस तरी असतील, पिल्लं पुढं, मागं तो दांडगा नर. फळी रिकामी पाहून सगळी थांबली आणि व्हर्लनकडे बघू लागली, अगदी पंगतीत वाढप्याला उशीर झाल्यासारखी. त्यानं नराच्या कपाळावर नेम धरला. पण आपला नेम काय लायकीचा आहे, हे आता त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? गोळी चुकणार, कळप उधळणार, आणि उद्यापासून पुन्हा जोनेलच्या उशाशी. त्यानं बंदूक खाली ठेवली. त्या भागात पिकं नासवणाऱ्या रानडुकराला खाऊ घालणाऱ्या माणसाला चोराहून वाईट समजतात. व्हर्लन उठला, ट्रे जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरला.

रविवारी जोनेलचं थडगं जसंच्या तसं होतं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत व्हर्लनचं नाव घेतलं. खाणीतले आठवडाभरचे बार सगळ्यांनी ऐकले होते, लोक येऊन पाठ थोपटत होते. जेवणं होईपर्यंत त्यानं तेवीस डुकरं पाडल्याचं सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो बंदुकीच्या गप्पांत गप्प बसला. बरं वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. ओलेटा शेजारी येऊन बसली.

"खरं सांग, किती मारलीस?"

"एकही नाही."

"मग इथं येत का नाहीत ती?"

"तुझ्या हातचं खातात."

ओलेटानं बहिणीच्या थडग्यावरच्या गवताकडे पाहिलं.

"असं किती दिवस घालणार आहेस?"

"जोनेल इथं आहे तोवर."

 ओलेटा उठली, टेबलांवरून फिरत उरलेल्या जेवणाचं एकेक भांडं गोळा करू लागली. एवढं कोण खाणार, असं बायकांनी विचारलं. ओलेटा म्हणाली, आमच्याकडे जेवणारी तोंडं बरीच आहेत, आणि तिनं भांडी व्हर्लनच्या ट्रकमध्ये नेऊन ठेवली.